बाळंतिणीच्या उशाशी

ग्वाल्हेरच्या फुलबागेत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईची समाधी आहे. मराठी माणूस ग्वाल्हेरला गेला, की किल्ल्याच्याही आधी त्याची पावले तिकडे वळतात. भा. रा. तांबे यांनी त्या समाधीवर कविता लिहिली आणि न पाहिलेल्या मराठी माणसालाही ती जागा आपली वाटू लागली. जून १८५८ मध्ये या शहराच्या वेशीवर राणी लढता लढता पडली. तिचे वय तेव्हा तिशीच्या आतच होते. पोटचा मुलगा काही महिन्यांचा असतानाच गेलेला. दत्तक घेतलेला दामोदर तिच्या मागे पोरका झाला. ग्वाल्हेरहून आग्रा सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. तेथे यमुनेच्या काठी आणखी एका आईचे स्मारक उभे आहे. मुमताजमहल १६३१ मध्ये बऱ्हाणपूर येथे चौदाव्या बाळंतपणात वारली आणि तिच्यासाठी शहाजहानने ताजमहाल बांधला. ताजमहाल पाहून परतणाऱ्यांना विचारावे, की ही बाई कशाने गेली, तर फारच थोडे लोक उत्तर देऊ शकतील. बादशहाचे प्रेम जगाला ठाऊक आहे. त्या बाळंतिणीचे मरण कोणाच्या ध्यानात नाही.

या दोन स्मारकांची आठवण आज व्हावी याला कारण आजची तारीख आहे. १३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत स्मिता पाटील हिचे निधन झाले. वय अवघे एकतीस. २८ नोव्हेंबरला तिला मुलगा झाला होता आणि पंधराच दिवसांनी प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीने तिचा बळी घेतला. त्या दिवशी महाराष्ट्रात, कोकणात आणि गोव्यात ज्या घरांत चित्रपटाचे नावही निघत नसे, त्या घरांतही चुटपुट लागली होती. आता चार दशके होत आली. दरवर्षी या दिवशी तिचे मोठाले डोळे वृत्तपत्रांतून आपल्याकडे पाहतात, तिच्या भूमिकांची यादी छापली जाते, ‘अकाली’ हा शब्द वापरला जातो आणि आपण पान उलटतो. या शब्दाशी आज थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव पाटील हे खानदेशातील शिरपूरचे, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले कार्यकर्ते आणि पुढे राज्याचे मंत्री. आई विद्याताई या परिचारिका आणि समाजसेविका. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेली ही मुलगी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागली, तेव्हा तिचा सावळा, शांत चेहरा लोकांच्या लक्षात राहू लागला. श्याम बेनेगल यांनी तिला चित्रपटात आणले आणि ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’ अशी तिची वाटचाल झपाट्याने सुरू झाली. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जयवंत दळवींच्या कादंबरीवरील ‘चक्र’साठी तो पुन्हा मिळाला. ‘जैत रे जैत’मधील ठाकरवाडीची चिंधी आणि ‘उंबरठा’तील सुलभा महाजन तर मराठी मनात घर करून आहेत. सत्यजित राय, मृणाल सेन, जी. अरविंदन अशा वेगवेगळ्या भाषांतल्या थोर दिग्दर्शकांना तिची गरज भासली. १९८५ मध्ये ‘पद्मश्री’ लाभली. जेमतेम बारा वर्षांत ऐंशीच्या आसपास चित्रपट, त्याच्या जोडीला छायाचित्रणाचा नाद आणि स्त्रियांच्या चळवळीशी जोडलेले नाते, एवढे सारे तिने केले. तिच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी ‘मिर्च मसाला’ पडद्यावर आला तो १९८७ मध्ये, तिच्या पश्चात.

तिच्या खासगी आयुष्याविषयी त्या काळी बरेच लिहिले गेले. त्या वाटेला जाण्याची आमची इच्छा नाही. तिच्या उपचारात कोठे चूक झाली काय, याविषयीही पुढे वाद झाले. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार वृत्तपत्राच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. स्मिता पाटील गेली तेव्हा एक श्रेष्ठ अभिनेत्री गेली, असे आपण म्हणालो आणि ते खरेच होते. परंतु त्या दिवशी एक बाळंतीणही गेली, हे म्हणायचे मात्र आपण विसरलो. दरड कोसळावी किंवा वीज पडावी, तसे ते मरण आपण दैवाच्या खात्यावर टाकले. दैवाच्या खात्यावर एकदा नोंद झाली, की मग कोणी कोणाला काही विचारायचे नसते.

बाळंतिणीच्या मरणाचे मूळ शोधता येते आणि ते टाळताही येते, हे जगाला कळून पावणेदोनशे वर्षे लोटली आहेत. १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्ट वारली. स्त्रियांच्या हक्कांचा पहिला मोठा ग्रंथ १७९२ मध्ये लिहिणारी ही विदुषी अडतीस वर्षांची होती. मुलगी जन्मली आणि अकराव्या दिवशी सूतिकाज्वराने आई गेली. त्याच मुलीने पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी लिहिली. आपली आई तिला केवळ पुस्तकांतून भेटली. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८४७ मध्ये, व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने एक साधी गोष्ट हेरली. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासत होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या विभागात शंभरातील अठरा बाळंतिणी दगावल्या. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय आत यायचे नाही, असा नियम त्याने केला आणि जूनमध्ये ते प्रमाण शंभरात दोनांवर आले. त्याच्या समव्यवसायी मंडळींनी मात्र त्याची टर उडवली. आपल्या हातांनी मरण पसरते, हे कबूल करणे त्यांना जड गेले. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

आपल्याकडेही हे दुःख जाणणारी एक मुलगी होऊन गेली. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाली आणि दहाच दिवसांत मूल गेले. त्या घावातून ती सातासमुद्रापार जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाली. पदवीसाठी तिने प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदू प्रसूतिशास्त्राचा. हाती आलेली विद्या वापरण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याच्या आत ती क्षयाने गेली. तिच्यावर पुस्तके झाली, नाटके झाली, चित्रपट झाला. ज्या बाळंतिणीच्या खोलीसाठी ती एवढी झिजली, त्या खोलीकडे मात्र आपले लक्ष अद्याप पुरते गेलेले नाही.

आपल्या पूर्वजांना यातले काहीच कळत नव्हते, असेही नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्या आज्या म्हणत. ते नुसते बोलणे नव्हते. बाळंतिणीला सव्वा महिना उंबरठा ओलांडू देत नसत. पाचवीला पूजा मांडून रात्रभर दिवा तेवत ठेवायचा आणि घरातल्या बायकांनी जागायचे, असा रिवाज होता. सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, ही श्रद्धा. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी प्रसूतीनंतरचा पहिला आठवडा धोक्याचा असतो आणि त्या दिवसांत बाळंतिणीला एकटे सोडू नये, हा अनुभव त्या जागरणात साठवलेला होता. अर्थात त्या जुन्या खोलीत अंधार होता, कोंडलेली धुरी होती, न धुतलेले हात होते. तेथे किती जणी संपल्या त्याची गणती कोणी ठेवली नाही. त्या खोलीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आपण ती खोली सोडून इस्पितळात गेलो, हे चांगलेच झाले. पण खोली सोडताना ते जागरणही मागेच सोडून आलो, ही खंत आहे.

आजचे चित्र पाहावे. दिवस गेल्याचे कळल्यापासून सुनेचे किंवा लेकीचे कौतुक चालते. डोहाळजेवण होते, तपासण्या होतात, सोनोग्राफीचे कागद जपून ठेवले जातात. एकदा बाळ रडले, की साऱ्या घराचे तोंड पाळण्याकडे वळते. वजन किती, रंग कोणाचा, नाव काय ठेवायचे, बारशाला कोणाला बोलवायचे! आळिवाचे लाडू बाळंतिणीसमोर येतात, पण तिला ताप आहे का, असे कोणी विचारत नाही. तिने स्वतःहून सांगितले, तर ‘बाळंतपणात अंग दुखायचेच’, ‘दूध भरले असेल’, ‘आम्ही नाही का सोसले’, अशी उत्तरे मिळतात. ती सांगणेही सोडून देते, कारण आपल्या दुखण्यामुळे घरच्या आनंदाला गालबोट लागू नये, असे तिला लहानपणापासून शिकवलेले असते. वस्तुतः माता म्हणून होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू मूल जन्मल्यानंतरच्या दिवसांत घडतात. आपली काळजी संपते त्याच दिवशी तिचा धोका सुरू होतो.

या बाबतीत देशाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९७-९८ मध्ये भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता मरत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये शंभरातील एकोणचाळीस बाळंतपणे इस्पितळात होत होती, ती २०१९-२१ मध्ये एकोणनव्वदांवर गेली. हे लहान यश नव्हे. पण सरासरीच्या आकड्याआड बरेच काही दडते. २०१८-२० मध्ये केरळचा आकडा १९ होता, महाराष्ट्राचा ३३, आणि ज्या मध्य प्रदेशात ग्वाल्हेर आहे त्याचा १७३. म्हणजे महाराष्ट्रात एक माता मरते, तेव्हा तितक्याच जन्मांमागे मध्य प्रदेशात पाच मरतात. ग्वाल्हेरात आणि इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरे नांदत आहेत. आपल्या कितीतरी लेकी तेथे दिल्या गेल्या आणि तेथल्या इकडे आल्या. राणीच्या समाधीवर आपण फुले वाहतो, त्याच शहराच्या आसपासच्या खेड्यांत राणीच्याच वयाच्या कितीतरी स्त्रिया कोणत्याही युद्धावाचून मरतात. त्यांची समाधी कोठेही नाही.

हे दूरच्या, मागासलेल्या मुलखाचे दुखणे आहे, आमच्या किनाऱ्यावर इस्पितळे आहेत, रस्ते आहेत, शिकलेल्या सुना आहेत, असे आमच्या वाचकाच्या मनात येईल. त्याला आमचे उत्तर एवढेच, की स्मिता पाटील कोठल्या दुर्गम पाड्यावर गेली नाही. ती मुंबईत गेली. तिच्या आईला रुग्णसेवेचे शिक्षण होते, वडील राज्याचे मंत्री राहिलेले होते आणि तिचे नाव देशाला ठाऊक होते. नाव, पैसा आणि शिक्षण ही तिन्ही कवचे जिथे अपुरी पडतात, तिथे शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्याच्या बायकोने किंवा मच्छीमाराच्या सुनेने निर्धास्त राहावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

मग करायचे काय? पहिली गोष्ट घराची आहे आणि तिला पैसा लागत नाही. बाळ घरी आल्यापासून सहा आठवडे बाळंतिणीवर लक्ष ठेवणारे एक माणूस नेमलेले असावे आणि ते माणूस तिचा नवरा असला तर उत्तमच. अंगात ताप येणे, ओटीपोटात वाढते दुखणे, दुर्गंधी येणारा स्राव, घडी पाहता पाहता भिजावी असा रक्तस्राव, असह्य डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप लागणे, छातीत कळ, एकाच पायाच्या पोटरीवर सूज, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री डॉक्टरकडे न्यावे. बाळाचे औषध भिंतीवर लिहून ठेवतो, तशी ही लक्षणेही लिहून ठेवावीत.

दुसरी गोष्ट शासनाची आहे. प्रसूतीनंतर निदान चोवीस तास देखरेख आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सातव्या ते चौदाव्या दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे इस्पितळातून घरी आलेल्या बाळ-बाळंतिणीकडे आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. पण त्या योजनेचे नावच मुळी नवजात बालकाच्या सेवेचे आहे आणि नावाप्रमाणेच तिचा ओढा आहे. बाळाचे वजन वहीत चढते, तसाच आईचा ताप आणि रक्तदाब प्रत्येक भेटीत चढला पाहिजे. खासगी इस्पितळात बाळंत झालेल्या, फ्लॅटच्या बंद दारामागे राहणाऱ्या बाईकडेही कोणीतरी गेले पाहिजे. ती सुखवस्तू आहे म्हणून ती सुरक्षित आहे, हा समज सोडावा लागेल.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. एखादी बाळंतीण गेली, की एकतर इस्पितळाच्या काचा फुटतात, नाहीतर सारे काही दडपले जाते. दोन्हींतून पुढच्या बाळंतिणीचा जीव वाचत नाही. इंग्लंडने १९५२ पासून अशा प्रत्येक मृत्यूची गोपनीय चौकशी सुरू केली. कोणाचे नाव घ्यायचे नाही, कोणाला शिक्षा द्यायची नाही, मात्र काय चुकले ते शोधून सर्व डॉक्टरांना सांगायचे, ही तिची रीत. केरळमधील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून हीच वाट धरली. केरळच्या १९ या आकड्यामागे साक्षरता आहे, रस्ते आहेत आणि ही चौकशीही आहे. इतर राज्यांतही मातामृत्यूंचे परीक्षण व्हावे, असे केंद्राचे आदेश आहेत. त्या परीक्षणांतून निघालेले धडे प्रत्येक जिल्ह्यात, नावे गाळून, जाहीर व्हावेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. जेथे हेतुपुरस्सर हयगय झाली असेल, तेथे कायदा आपले काम करीलच. पण बहुतेक मरणे एखाद्या दुष्टाच्या हातून घडत नाहीत. कोणीतरी ताप मोजला नाही, कोणीतरी रक्त मागवायला उशीर केला, कोणीतरी ‘उद्या पाहू’ म्हटले, अशाने ती घडतात.

मे २०२४ मध्ये कान येथील महोत्सवात ‘मंथन’ नव्याने उजळून दाखवण्यात आला. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला तो चित्रपट. त्यात वीस-एकवीस वर्षांची स्मिता कडेवर मूल घेतलेल्या खेडवळ बिंदूच्या रूपात वावरते. त्या दिवशी प्रेक्षकांत तिचा मुलगा बसला होता. ज्याला आईचा सहवास अवघा पंधरा दिवस लाभला आणि ज्याला आजी-आजोबांनी वाढवले, असा हा मुलगा आज आपल्या आईच्या वयाच्या पुढे गेलेला आहे. पडद्यावरची ती बाई त्याच्या आठवणीत असणे शक्यच नव्हते. आपल्या सर्वांना तिचा आवाज आणि तिचे चालणे-बोलणे आठवते. ज्याचा हक्क पहिला, त्याला तेवढे नाही. कलावती आई अकाली जाते, तेव्हा समाजाची हानी होते हे खरे. पण त्या हानीचा खरा हिशेब अशा मुलाकडे असतो.

स्मिता पाटील जगली असती, तर आज सत्तरीत असती. आजीच्या भूमिकांत तिने काय केले असते, तिच्या कॅमेऱ्याने काय टिपले असते, ती स्वतः दिग्दर्शनाकडे वळली असती काय, या प्रश्नांना आता उत्तर नाही. तिचे चित्रपट आहेत, ते पुन्हा पाहावेत. ‘उंबरठा’ तर आजच्या सुनांनी आणि सासवांनी एकत्र बसून पाहावा. पण एवढ्यावर तिचे स्मरण पुरे होत नाही. आपल्या घरात, शेजारी, नात्यात ज्या कोणाचा पाळणा या महिन्यात हलला असेल, तेथे आज जावे. बाळाचे तोंड पाहण्याआधी आईजवळ बसावे, तिच्या कपाळाला हात लावून पाहावा आणि ‘बाय, तू कशी आहेस?’ असे विचारावे. तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. स्मिता पाटीलला वाहायची श्रद्धांजली आमच्या मते हीच आहे.